बागेतलं तण काढताना या चुका टाळा

परळ-लालबागच्या चाळींत माण, आटपाडी, सांगोल्याची घरं आजही आहेत. नोकरी मुंबईत, डाळिंबाची बाग गावाला. आम्हीही त्यातलेच. रात्रीच्या गाडीने सकाळी बागेत पोचायचं, तण दिसलं की राखणदारकाकांना सांगायचं, "सगळं साफ करून घ्या." पहिली चूक तिथंच होते. प्रत्येक तणाची खोड वेगळी.

लव्हाळा घ्या. आम्ही पावसाळ्यात, रान ओलं असताना ओळींतून रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं माती उलथणारं फिरत्या पात्यांचं यंत्र) फिरवला. आठवडाभर रान काळंभोर दिसलं, मग पहिल्यापेक्षा दाट लव्हाळा उगवला. एक रोप हलक्या हाताने उकरून बघा: खाली काळपट गाठी, दोऱ्यात ओवल्यासारख्या. दोरा शाबूत असेपर्यंत यातल्या बऱ्याच गाठी निजलेल्या असतात. तो तुटला की सुटी झालेली गाठ फुटते. म्हणजे आम्ही लव्हाळ्याची लागवडच केली होती. हेच काम उन्हाळ्यात, ठिबक बंद असताना केलं, तर वर आलेल्या गाठी उन्हाने सुकून मरतात. त्यातही बुंध्याजवळ रोटाव्हेटर नकोच. मुळं तुटतात आणि मर रोगाला वाट मिळते. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात ओळींमध्ये ताग किंवा चवळी दाट पेरा.

गाजर गवत फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. एकेक झाड हजारो बिया टाकतं. फुलावर आलेलं उकिरड्यात टाकू नका. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ते बी परत बागेत येतं, तेही आपण पैसे मोजून.

ग्लायफोसेट या तणनाशकाबाबत फार जपा. डाळिंबाला बुंध्यातून फुटवे येतच राहतात. त्यांच्यावर फवारा उडाला की औषध थेट झाडात उतरतं.

आणि सगळं रान उघडं करू नका. जेमतेम 500 मिलिमीटर पावसाच्या मुलखात वळवाच्या एका सरीने वरची माती वाहून जाते. ठिबकखालचं आळं स्वच्छ हवंच, पण ओळींमधली एकदांडी नुसती कापून तिथंच पसरा. एकदांडीच्या फुलांवर मधमाश्या येतात, मला ती मुळीच उपटवत नाही.

पुढच्या वेळी फोनवर हुकूम सोडण्याआधी काकांकडून तणाचा फोटो मागवा, मुळासकट.