उसनं अवजार, दुसऱ्याचं ऑइल: हायड्रॉलिक पाइप जोडताना या चुका टाळा

पलटी नांगर, डंपिंग ट्रॉली, लोडर अशी महागडी अवजारं दोघा-तिघांनी मिळून घेतली किंवा एकमेकांना दिली-घेतली तर सगळ्यांचाच फायदा असतो. पण ज्या अवजाराला हायड्रॉलिकचे पाइप आहेत, ते तुमच्याकडे रिकामं येत नाही. त्याच्या जॅकमध्ये (ऑइलच्या दाबाने दांडा पुढे ढकलणाऱ्या नळकांड्यात) आणि पाइपांत आधीच्या ट्रॅक्टरचं ऑइल असतं. लिव्हर दोन-चार वेळा मागेपुढे झाला की ते तुमच्या ट्रॅक्टरमध्ये उतरतं. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक, गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक या सगळ्यांना एकच ऑइल पुरवलेलं असतं. म्हणजे ट्रॉलीच्या जॅकमधून आलेला कचरा थेट गिअरपर्यंत पोचतो. ज्याला पाइपच नाही अशा साध्या कल्टिव्हेटरला किंवा रोटाव्हेटरला ही काळजी लागू नाही.

ऑइल किती मिसळतं, याचा हिशेब सोपा आहे. १०० मिमी बोअर (आतला व्यास) आणि १ मीटर स्ट्रोकचा (दांड्याच्या चालीचा) जॅक पूर्ण उघडला की त्यात जवळपास ८ लिटर ऑइल मावतं. ट्रॉली खाली बसते तेव्हा हे सगळं तुमच्या टाकीत परत येतं, आणि येताना जॅकच्या तळाशी बसलेला गाळही सोबत आणतं.

कपलर न पुसता जोडणं

सगळ्यात जास्त घाण इथून जाते, म्हणून यावर जरा थांबतो. पाइपाचं जोडायचं टोक, म्हणजे कपलर, हातात घेऊन नीट बघा. मधोमध बारीक बोंड असतं, तोच आतला व्हॉल्व्ह. त्याच्याभोवतीच्या खोलगट जागेत ऑइलचा ओलावा राहतो, त्यावर धूळ बसते आणि काळपट चिखलाचं कडं तयार होतं. कपलर दाबून बसवला की बोंड आत जातं आणि ते कडं ऑइलच्या वाटेवर येतं. बाहेरून काहीच दिसत नाही, कपलर छान बसलेला असतो.

डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण दिसत नाही. पंपाच्या आणि कंट्रोल व्हॉल्व्हच्या आतल्या फटी मात्र काही मोजक्या मायक्रॉनच्या असतात. म्हणजे जे कण पंप खातात, ते तुम्हाला दिसतच नाहीत. ‘दिसायला स्वच्छ आहे’ ही खात्री इथे पुरत नाही.

दोन्ही टोकं पुसा, पाइपाचंही आणि ट्रॅक्टरच्या आउटलेटचंही (जिथे पाइप जोडतो ते तोंड). नवीन कापड लागत नाही, पण धागे सुटणारं नको. कॉटन वेस्टचे तंतू कपलरमध्येच अडकतात आणि पुढे जाऊन फिल्टरवर बसतात. खोलगट भाग पुसायला कापडाचं टोक बोटाने फिरवा. धूळ बसू नये म्हणून टोकाला ग्रीस लावून ठेवण्याची सवय काही जणांना असते. ग्रीस धूळ पकडून ठेवतं, तेव्हा ती सवय सोडलेली बरी.

टोप्या हव्यातच. अवजार जोडलेलं असताना पाइपाची टोपी आणि आउटलेटची टोपी एकमेकींत अडकवून ठेवा, म्हणजे त्यांच्या आतही धूळ जात नाही. प्लॅस्टिकची पिशवी बांधणं हा टोपीला पर्याय नाही. पिशवीच्या आत दव साचतं आणि पुढच्या वेळी ते पाणी ऑइलमध्ये जातं.

ठोकून किंवा खिळ्याने दाबून कपलर बसवणं

उन्हात पडलेल्या अवजाराच्या पाइपात दाब वाढतो आणि कपलर बसत नाही. मग कोणीतरी हातोडी आणतं किंवा खिळ्याने बोंड दाबतं. हे करूच नका. धातूचा चुरा आत जातो, बोंडाची बसक बिघडते आणि दाबाखालचं ऑइल थेट अंगावर उडतं. बारीक फवारा कातडीतून आत शिरू शकतो. तसं झालं तर वरून जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. अवजार सावलीत घ्या, पाइप गार होऊ द्या, दाब आपोआप उतरतो. खरा उपाय मात्र अवजार सोडतानाच करायचा असतो: अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून दाब सोडा, मगच पाइप काढा.

‘ऑइल सगळं सारखंच’ असं समजणं

समोरच्याच्या ट्रॅक्टरमध्ये कोणतं ऑइल आहे, हे विचारायला कसला संकोच? कोणी हायड्रॉलिकसाठी वेगळं ऑइल वापरतो, कोणी गिअर बॉक्स आणि ब्रेकला चालणारं एकत्र ऑइल, तर कोणी उरलेलं इंजिन ऑइल ओततो. ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकना घर्षण सांभाळणारे खास घटक लागतात. चुकीचं ऑइल पुरेसं मिसळलं की ब्रेक दाबताना कर्कश आवाज येतो किंवा थरथर जाणवते. रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन ऑइलं पूर्ण वेगळ्या कामाची असू शकतात.

ब्रेक फ्लुइड तर अजिबात नको. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलपासून बनतात आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमधले रबरी सील फुगवून खराब करतात. घाईत चुकीचा डबा उचलला जातो, म्हणून ते हायड्रॉलिक ऑइलच्या डब्यांशेजारी ठेवूच नये.

मिळून अवजार घेतलं असेल तर सगळ्यांनी एकाच प्रकारचं ऑइल ठरवून घ्यावं, ही माझी आग्रहाची सूचना आहे. पण आधी प्रत्येकाने आपापल्या ट्रॅक्टरचं पुस्तक बघावं. त्यात दिलेल्या प्रतीला ते ऑइल बसत नसेल तर एकीच्या नावाखाली कोणावर लादू नका. ठरलेल्या ऑइलचं नाव आणि ग्रेड अवजारावर रंगाने लिहून ठेवा.

पंप गेलेल्या ट्रॅक्टरवरून आलेलं अवजार तसंच जोडणं

मला यातली सर्वात गंभीर चूक हीच वाटते, कारण हिचं नुकसान एका ट्रॅक्टरवर थांबत नाही. पंप झिजून फुटतो तेव्हा धातूचा चुरा त्या वेळी जोडलेल्या अवजाराच्या जॅकमध्ये जाऊन बसतो. मालक पंप बदलतो, ऑइल बदलतो, फिल्टरही बदलतो. अवजार मात्र कोपऱ्यात तसंच उभं राहतं. त्यानंतर ते दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागतं आणि चुरा तिकडे उतरतो.

असं अवजार धुऊन घ्यावं लागतं. ट्रॉलीच्या एकेरी जॅकमध्ये (ज्याला ऑइल एकाच बाजूने मिळतं) गाळ तळाशी असतो. ट्रॉली पूर्ण खाली बसवून, दाब सोडून जॅकजवळचा पाइप उघडला तर तो भांड्यात काढता येतो. दोन्ही बाजूंनी ऑइल मिळणाऱ्या दुहेरी जॅकमध्ये काम वाढतं, कारण दांडा आत असो की बाहेर, एका बाजूला ऑइल भरलेलंच असतं. अवजारावर वजन नसताना एक पाइप ट्रॅक्टरला जोडायचा आणि दुसऱ्या पाइपाचं टोक एका पिंपात घट्ट बांधायचं. त्या टोकाचा कपलर आधी काढावा लागतो, कारण मोकळ्या कपलरमधला व्हॉल्व्ह बंदच असतो. इंजिन संथ ठेवून दांडा हळूहळू पूर्ण बाहेर काढला की दांड्याच्या बाजूचं जुनं ऑइल पिंपात पडतं. मग दाब सोडून पाइपांची अदलाबदल करायची आणि दांडा आत घ्यायचा, म्हणजे दुसरी बाजूही निघते. मधूनमधून टाकीची पातळी बघत स्वच्छ ऑइल भरत राहा. पिंपातलं ऑइल परत वापरायचं नाही. हे काम पहिल्यांदा करताना मेकॅनिकला सोबत घ्या.

जॅक उघडा ठेवून अवजार परत देणं

जॅक उघडा असताना पाइप काढले तर तुमच्या टाकीतलं ऑइल अवजारासोबत जातं. पातळी घसरते, पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो. पुढच्याच्या टाकीत तेच ऑइल जास्तीचं होतं. शिवाय बाहेर राहिलेल्या चकचकीत दांड्यावर गंज आणि चिखल बसतो. तो दांडा आत जाताना सील फाडतो आणि मग प्रत्येक फेरीत माती आत ओढतो. द्यायच्या आधी दांडा पुसून आत घ्या आणि डिपस्टिकही त्याच स्थितीत बघा.

फिल्टर सगळं सांभाळेल हा भरवसा

फिल्टर तुंबला की ऑइल अडू नये म्हणून बहुतेक ठिकाणी बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडतो आणि ऑइल न गाळता फिरतं. कोणी जॅकच्या पाइपात जादा फिल्टर बसवून घेतो. पण त्या पाइपातून ऑइल दोन्ही दिशांनी वाहतं. साधा फिल्टर उलट्या प्रवाहात साचलेली घाण सोडून देतो. असा फिल्टर हायड्रॉलिक मोटरच्या परतीच्या पाइपासारख्या एकाच दिशेच्या वाटेवरच शोभतो.

बिघाड दिसला तर

ऑइल दुधाळ दिसतंय? काचेच्या बरणीत थोडं काढून रात्रभर ठेवा. सकाळी वरपासून तळापर्यंत साफ झालं असेल तर ती हवा होती: पातळी आणि पंपाकडे येणारा पाइप तपासा. तसंच गढूळ राहिलं किंवा तळाशी थर आला तर पाणी आहे. ऑइल बदलावं लागेल आणि अवजारातलंही काढावं लागेल, नाहीतर नव्या ऑइलमध्ये तेच पाणी परत येतं.

ट्रॉली वर जाते पण खाली येत नाही, तेव्हा लगेच पंप उघडू नका. बऱ्याचदा कपलर अर्धवट बसलेला असतो किंवा दोन्ही टोकं एकाच प्रकारची नसतात. मात्र वर अडकलेल्या ट्रॉलीखाली भक्कम आधार दिल्याशिवाय हात घालायचा नाही.

झटके देत उचलणं, आपोआप खाली उतरणं, पंपाचा आवाज वाढणं या तक्रारी असतील तर दोष कोणाचा हे आधी ठरवा. तोच ट्रॅक्टर दुसऱ्या अवजाराला लावा. तक्रार ट्रॅक्टरसोबत गेली तर दोष ट्रॅक्टरमध्ये. अवजारासोबत राहिली तर अवजारात. त्यानंतर फिल्टर काढून त्याचा कागद उलगडून बघा. चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादाचा असतो, पिवळसर आणि न चिकटणारा पितळेचा किंवा काशाचा, म्हणजे बहुधा पंपाच्या आतल्या भागांचा. काळे मऊ तुकडे सीलचे किंवा पाइपाच्या अस्तराचे. धातूचा चुरा सापडला तर अवजार त्याच दिवशी बाजूला काढा. तुमच्या आधी ते ज्याच्याकडे होतं त्याला आणि पुढे न्यायला येणार असलेल्याला फोन करा. ते धुऊन होईपर्यंत कोणीही जोडू नये म्हणून पाइपांची टोकं एकत्र बांधून त्यांना चिठ्ठी अडकवा.