पांढरी ट्रॉली, पांढरा ओटा, तरी काहीतरी खटकतंय? पांढरा निवडताना या चुका टाळा

जुळे सोलापुरातल्या एका घरी किचन ट्रॉली बसवून झाली, त्या संध्याकाळी घरच्या आजी आत आल्या. वरच्या शटरवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "अगं, नवीनच आहे ना हे? मग तेल बसल्यासारखं का दिसतंय?" शटर कोरं होतं. त्यावरची प्लास्टिकची फिल्म अर्ध्या तासापूर्वी मीच काढली होती. सुताराचं काम चोख होतं, सनमाइकाही चांगल्यातला होता. निवड माझी होती आणि तीच चुकली होती. ओट्याला निळसर झाक असलेला पांढरा क्वार्ट्झ घेतला आणि शटरला हस्तिदंती. दुकानात दोन्ही देखणे वाटले. घरात शेजारी आले आणि ओट्याने शटरला मळकं ठरवलं.

तेव्हापासून मी पांढऱ्याला सगळ्यात अवघड रंग मानते. लाल किंवा हिरवा थोडा चुकला तर डोळा खपवून घेतो, पांढरा चुकला तर घर अस्वच्छ वाटतं. आणि हा खर्च दहा-पंधरा वर्षांसाठी एकदाच होतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पांढरा म्हणजे पांढरा, असं धरून चालणं

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लांबून भक्तांच्या अंगातल्या सगळ्या बाराबंद्या एकसारख्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. गर्दीत शिरून जवळून पाहा: एक नवी कोरी आणि निळसर, शेजारची बऱ्याच धुण्यांनंतर सायीच्या रंगावर गेलेली, तिसरी मोतिया. एकेकटी पाहिली तर तिन्ही पांढऱ्याच म्हणाल. फरक दिसतो तो शेजारी आल्यावर.

स्वयंपाकघरातही हेच होतं. प्रत्येक पांढऱ्यात थोडा पिवळा, गुलाबी, निळा, हिरवा नाहीतर करडा मिसळलेला असतो. आपल्या आज्या पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायच्या ती याच हिशेबाने, कारण कापडाचा पिवळेपणा निळ्या झाकेने डोळ्याला जाणवेनासा होतो. निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: या पांढऱ्यात काय मिसळलंय?

ते ओळखायला बरेच जण झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर नमुना ठेवून बघतात. पद्धत चांगली आहे, पण या कागदात तो जास्त पांढरा दिसावा म्हणून निळसर चमक देणारं रसायन घातलेलं असतं. त्यामुळे त्यावर जवळजवळ प्रत्येक नमुना पिवळट वाटतो. एकच नमुना ठेवून निकाल लावू नका. तीन-चार पांढरे ओळीने ठेवा आणि एकमेकांशी ताडून पाहा. गुलाबी कुठला आणि हिरवट कुठला, हे मिनिटभरात कळतं.

दुकानात उभ्या उभ्या ठरवणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. फोल्डरमधला बोटभर तुकडा, डोक्यावर दुकानाचे लख्ख दिवे, मागे लागलेला सेल्समन, आणि आपण "हाच फायनल" म्हणून मोकळे होतो. त्या दिव्याखाली एकसारखे दिसलेले दोन पांढरे घरच्या उजेडात वेगळे दिसू शकतात. दोघांत वापरलेले रंगद्रव्य वेगळे असले की उजेड बदलल्यावर ते वेगवेगळे वागतात.

आपल्याकडे वास्तू पाहणारी घरं स्वयंपाकघर आग्नेयेला घेतात आणि पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक करतात. म्हणजे खिडकी बहुतेक वेळा पूर्वेला. सकाळी पोळ्या लाटताना आत पिवळं ऊन येतं आणि प्रत्येक पांढरा सायीसारखा मऊ दिसतो. दुपारनंतर ऊन सरकलं की नुसता आभाळाचा उजेड उरतो आणि तो निळसर असतो. सकाळी आवडलेला करडा पांढरा तेव्हा थंडगार, पांढराफटक वाटतो. पेठांमधल्या घरांत आणखी एक भर पडते. साखर पेठेतल्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर चार-पाच फुटांवर शेजाऱ्यांची पोपटी भिंत होती. दुपारभर ती पोपटी झाक ओट्यावर पडायची. तिथे निवडलेला स्वच्छ पांढरा सनमाइका चक्क हिरवट दिसला. किंचित गुलाबी झाक असलेला पांढरा घेतला तेव्हा तो हिरवटपणा दबला.

म्हणून नमुना घरी आणा. फूट बाय फूट मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन-तीन छोटे तुकडे एका पुठ्ठ्यावर चिकटवा. शटरचा तुकडा उभा धरा आणि ओट्याचा आडवा ठेवा. ही गोष्ट फार थोडे जण करतात. आडव्या पृष्ठभागावर खिडकीचा उजेड थेट पडतो, उभ्या शटरवर तो तिरका येतो आणि खालच्या ट्रॉल्या तर ओट्याच्या सावलीत असतात. त्यामुळे एकच रंग उभा असताना एक छटा गडद दिसतो. सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून, अशा तिन्ही वेळा पाहा. दोन दिवस तुकडा तिथेच राहू द्या. येता-जाता नजर पडते तेव्हाच खरं मत बनतं.

आधी ट्रॉली, मग ओटा

क्रम उलटा ठेवा. दगड जसा मिळतो तसा घ्यावा लागतो. टाइल्समध्ये थोडी जास्त निवड असते, सनमाइकात त्याहून जास्त, आणि भिंतीचा रंग तर मशीनवर हवा तसा बनवून मिळतो. ज्यात निवड कमी ते आधी पक्कं करा. ओटा, मग डॅडोच्या (ओट्यावरच्या भिंतीच्या) टाइल्स, मग शटर, शेवटी भिंत.

जुन्या घराची शहाबादी फरशी तशीच ठेवणार असाल तर सुरुवात तिच्यापासून. शहाबाद आपल्या शेजारी, कलबुर्गी जिल्ह्यात, त्यामुळे सोलापुरात ही फरशी घरोघरी आहे. पण कुठली निळसर करडी असते, कुठली पिवळसर. ओल्या फडक्याने पुसा आणि ओली असतानाच बघा, तिचा मूळ रंग वर येतो. निळसर निघाली तर करड्या झाकेचा पांढरा तिच्याशी जमतो, पिवळसर निघाली तर दुधी किंवा सायीचा.

"जवळपास मॅच होतंय"

हे वाक्य ऐकलं की मी थांबते. दोन पांढरे एकतर एकाच झाकेचे असू द्या, नाहीतर इतके वेगळे की ते मुद्दाम केलंय हे कुणालाही कळावं. मधलं अंतर वाईट. ओटा स्वच्छ पांढरा आणि शटर त्याहून किंचित पिवळट असेल तर बघणाऱ्याला ते डाग वाटतात. तेच शटर सरळ बिस्किटी घेतलं तर दोन्ही शोभतात.

दिवे शेवटी पाहू

रंग ठरवण्याआधी दिवे ठरवा. एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळा उजेड, 4000 मधला, 6500 निळसर. सोलापुरात सर्रास 6500 चे बल्ब लावतात, कारण ते लख्ख वाटतात. त्यांच्याखाली हस्तिदंती शटर आजारी दिसतं आणि भाजीचाही रंग नीट कळत नाही. स्वयंपाकघराला मी 4000 सुचवते. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 किंवा जास्त लिहिलेलं मिळालं तर तेच घ्या, छताला एक आकडा आणि कपाटाखालच्या पट्टीला दुसरा, असं मात्र करू नका. एकाच ओट्याचे दोन रंग होतात.

हळद, तवा आणि बोअरचं पाणी विसरणं

मासिकातली पांढरी स्वयंपाकघरं पाहताना मला नेहमी वाटतं, इथे कुणी फोडणी घातली आहे का? आपल्याकडे रोज हळद, लाल तिखट, शेंगाचटणीचं तेल आणि ज्वारीचं पीठ ओट्यावर येणारच. पांढऱ्याची छटा निवडताना तो कशाचा आहे हेही तितकंच बघा.

पांढरा संगमरवर सुंदर, पण तो चुनखडीच्या कुळातला. लिंबू, चिंच, दही, टोमॅटो सांडले की आम्लाने त्याची पॉलिश खाल्ली जाते आणि निस्तेज ठसा उरतो. तो डाग नव्हे, दगडच झिजलेला असतो. पुसून जात नाही, पुन्हा पॉलिश करावी लागते. देवघराला संगमरवर जरूर घ्या, ओट्याला नको. नॅनो व्हाइट नावाचा कारखान्यात बनलेला दगड एकदम शुभ्र आणि डाग न धरणारा, पण काचेसारखा कडक. पातेलं आपटलं तर कडेचा टवका उडतो आणि तो दुरुस्त करणं अवघड जातं. क्वार्ट्झ रोजच्या वापराला चांगला. फक्त त्यात दगडाची भुकटी रेझिनने बांधलेली असते, म्हणून भाकरीचा तापलेला तवा गॅसवरून उचलून थेट त्यावर ठेवाल तर पिवळट गोल कायमचा उमटेल. लाकडी पाट किंवा लोखंडी तिवई जवळच ठेवा. उघड्या गच्चीतल्या धुण्याच्या ओट्याला क्वार्ट्झ लावू नका, उन्हाने रेझिन पिवळं पडतं.

हळद सांडली की आपण लगेच साबण घासतो आणि डाग लाल होतो. घाबरू नका. हळदीत चुना मिसळून कुंकू बनतं, तोच प्रकार इथे घडतो. साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाने हळदीचा पिवळा रंग लालसर होतो. आधी कोरड्या कागदाने हळद टिपून घ्या, मग ओलं फडकं, साबण शेवटी, आणि भरपूर पाण्याने धुवा. फिकट पिवळा ठसा राहिलाच आणि ओट्यावर ऊन येत असेल, तर काही दिवस वाट पाहा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

पाण्याचं म्हणाल तर नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून मध्ये बोअरचं वापरलं जातं. त्यातले क्षार सिंकभोवती पांढरट कडा धरतात. गुळगुळीत, एकरंगी ओट्यावर त्या तिरक्या उजेडात ठळक दिसतात. बारीक करडी रेघ किंवा ठिपका असलेला पांढरा घेतला तर सांभाळायला सोपा. रात्री भांडी झाल्यावर सिंकची कड कोरडी पुसणं हाच खरा उपाय.

शटरच्या बाबतीत एक सांगते. ऑइल पेंटचा पांढरा काही वर्षांत पिवळा पडतो, आणि ऊन लागलेल्या बाजूपेक्षा अंधारातली बाजू जास्त. जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडून आतून बघा, पटेल. गॅसच्या अगदी शेजारी मेम्ब्रेनचं, म्हणजे वर प्लास्टिकची फिल्म चिकटवलेलं शटर नको, उष्णतेने त्याची फिल्म सुटते.

बारीकसारीक पांढरे

शटरच्या कडेला लावतात ती एज बँडची पट्टी, टाइल्सचे सांधे, सिंकभोवतीचं सिलिकॉन, स्विचच्या पाट्या, चिमणी, फ्रिज. एका भिंतीवर सहा पांढरे सहज जमतात. एज बँड सनमाइकाच्या तुकड्याला लावूनच पास करा. सांध्यांना व्हाइट सिमेंट भरलं तर ते तेल पितं, एपॉक्सी ग्राउट घ्या आणि टाइलपेक्षा किंचित करडा घ्या. सनमाइकाच्या सगळ्या शीट एकाच वेळी, एकाच बॅचच्या आणा आणि एक जास्तीची आणून ठेवा. टाइल्सच्या प्रत्येक खोक्यावरचा बॅच नंबरही ताडून पाहा.

बसवून झालंय आणि आता खटकतंय

तोडफोडीपर्यंत जाऊ नका. आधी एक रात्र एकच बल्ब बदलून बघा, 6500 काढून 4000 लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग भिंत बघा. भिंत शुभ्र असेल तर ती शटरला पिवळं दाखवते, तिला शटरहून एक छटा गडद आणि त्याच झाकेचा रंग द्या. त्यानेही भागलं नाही तर डॅडोच्या टाइल्स बदला. ओटा आणि वरचं शटर यांच्यामध्ये त्याच असतात, म्हणून दोघांचेही रंग थोडे थोडे असलेली टाइल दोघांना जुळवून घेते.

त्या आजींच्या घरी आम्ही बल्ब बदलले आणि डॅडोला करड्या-बिस्किटी ठिपक्यांची टाइल लावली. खालच्या ट्रॉल्या लगेच निवळल्या. खिडकीजवळची वरची दोन शटर मात्र दुपारी तेलकट दिसायचीच. शेवटी तेवढी दोन उतरवून माझ्या खर्चाने पुन्हा बनवली. त्या वेळी नवा तुकडा आजींच्याच हातात दिला आणि दुपारी चार वाजता त्यांना खिडकीपाशी उभं केलं.