ओआरएसपासून कुत्र्याच्या सुईपर्यंत : या चुका टाळा

पाऊस लागला की आमच्या यवतमाळकडच्या गावांत हगवण येतेच. आशाताई घरोघरी ओआरएसच्या पुड्या वाटतात, आणि दरवर्षी तीच चूक: अख्खी पुडी एका गिलासात!

एका घरी आजीनं नातवाला असंच पाजलं होतं. ‘‘दाट केलं तं ताकद येते ना बाई,’’ असं तिचं म्हणणं. लेकरू ओकत होतं, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसत होती. त्याच पावली तालुक्याला न्यावं लागलं. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात असले की आतड्यातून सोबतच आत शोषले जातात आणि पाण्यालाही ओढून नेतात. द्रावण दाट झालं की उलटं होतं, अंगातलं पाणी आतड्यात उतरतं आणि हगवण वाढते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे (कॉलराचे) रोगी जगवले. त्यात ताकद आहे ती मापाची.

मी घरातली एक लिटरची बाटली मागते, उकळून गार केलेलं पाणी भरते आणि पुडी आईच्याच हातानं ओतायला लावते. छोटी पुडी २०० मिलीचीही मिळते, म्हणून मागचं वाचायचंच. चमच्या-चमच्यानं पाजा, ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेलं फेका. झिंकची गोळी हगवण थांबली तरी १४ दिवस.

आणि ‘‘बाई, सलाईनच लावा ना’’ हा हट्ट सोडा. ज्याच्या पोटात पाणी टिकतं त्याला बाटलीतून जास्तीचं काही मिळत नाही.

कुत्रं चावलं की जखमेत मिरची, चुना भरतात. माझा सगळ्यात जास्त संताप यावर होतो. आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, मग दवाखाना. लस शरीराला रेबीजच्या विषाणूशी लढायला शिकवते, पण त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणून रक्त निघालं असेल तर जखमेतच सिरमही, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारं तयार औषध, द्यावं लागतं. कातडीत घ्यायची लस पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. दंडात घेतली तर १४ व्या दिवशीही. सोयाबीन काढायचं आहे म्हणून पुढची सुई सोडणारे मला दर हंगामात भेटतात. रेबीजची लक्षणं दिसल्यावर हातात उपाय उरत नाही, हे त्यांना तोंडावर सांगते.

दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीच्या सुईनंतर लेकराला ताप आला तर घाबरू नका, शरीर कामाला लागलं आहे. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, सिस्टरला विचारून.

सर्दीला अँटिबायोटिक घेऊ नका. ते जिवाणूंवर चालतं, सर्दीच्या विषाणूवर नाही. डॉक्टरांनी दिलं असेल तर ताप उतरला म्हणून मधेच बंद करू नका. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर नकोच.

कागदाच्या पुडीत बिननावाच्या रंगीत गोळ्या मिळाल्या तर तिथंच नाव लिहून मागा.