बीमवर येणारा भिंतीचा भार कसा काढावा

आरसीसी फ्रेमच्या (काँक्रीटचे बीम आणि कॉलम यांचा सांगाडा असलेल्या) इमारतीत विटांची भिंत स्वतः काही पेलत नाही, असे गणितात धरले जाते; ती ज्या बीमवर उभी असते, त्या बीमला मात्र आपले सगळे वजन देते. हे वजन मीटरमागे किती किलोन्यूटन, एवढेच काढायचे असते. सूत्र एका ओळीचे असल्यामुळे बहुतेक ठिकाणी ते मांडलेच जात नाही, आणि ‘नऊ इंची भिंत १३, साडेचार इंची ७’ असे आकडे एका कामावरून दुसऱ्या कामावर उतरवले जातात. हे आकडे चुकीचे नाहीत. पण ते एका ठरावीक उंचीचे, एका ठरावीक विटेचे आणि एका ठरावीक गिलाव्याचे आहेत.

सर्वांत जास्त चुका उंचीत होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करावी. मजल्याची उंची ३ मीटर असली तरी भिंतीची उंची ३ मीटर नसते, कारण भिंत खालच्या स्लॅबच्या वरच्या पृष्ठापासून वरच्या बीमच्या तळापर्यंतच असते. वरचा बीम ४५० मि.मी. खोल असेल, तर भिंतीची उंची २.५५ मीटर. बीमच्या खोलीत स्लॅबची जाडी धरलेलीच असते, ती पुन्हा वजा करू नये. वजा करायची ती वरच्या बीमची खोली. ज्या बीमवर भिंत उभी आहे त्याची नव्हे. भिंतीच्या डोक्यावर बीमच नसून नुसता १२५ मि.मी.चा स्लॅब असेल, तर उंची २.८७५ मीटर होते आणि भार सुमारे पावणेतेरा टक्क्यांनी वाढतो. आर्किटेक्टच्या नकाशातील उंची फरशीपासून मोजलेली असते, भिंत मात्र फरशीच्या खालून, स्लॅबवरूनच उठते, हेही ध्यानात ठेवावे.

एकक वजनांसाठी आयएस ८७५ (भाग १) : १९८७ हे भारतीय मानक आहे. साध्या भाजलेल्या विटांच्या बांधकामाचे वजन त्यात घनमीटरला १८.८५ किलोन्यूटन, तर सिमेंट मॉर्टरचे २०.४ किलोन्यूटन दिलेले आहे. व्यवहारात वीटकामाला २० धरण्याची पद्धत आहे. ती का चालते हे एकदा साइटवर विटा तोलून पाहिल्यास समजते. २३० × १०० × ७५ मि.मी.ची वीट ३ किलो भरली, तर नुसत्या विटेचे वजन घनमीटरला सुमारे १७ किलोन्यूटन होते; भिंतीत चौथा हिस्सा मॉर्टरचा धरला, तर एकूण १८ च्या जवळपास जाते. भिजलेली वीट, मिस्त्रीने जाड भरलेले सांधे आणि भिंतीत पुरलेले पाइप यांच्यासाठी उरलेले दोन किलोन्यूटन राखीव समजावेत. फ्लाय ॲशच्या विटा हलक्या असतात असा एक समज आहे. तो प्रत्येक कारखान्याच्या विटेला लागू पडत नाही, म्हणून दहा विटा तोलून सरासरी काढणे उत्तम.

आता २३० मि.मी.ची बाहेरची भिंत, आतून १२ आणि बाहेरून २० मि.मी. गिलावा, उंची २.५५ मीटर असे उदाहरण घेऊ. वीटकामाचा भार ०.२३ × २.५५ × २० = ११.७३ आणि गिलाव्याचा ०.०३२ × २.५५ × २०.४ = १.६६, एकूण १३.३९, म्हणजे मीटरला १३.४ किलोन्यूटन. साइटच्या भाषेत मीटरमागे जवळजवळ १.३७ टन. आतली साडेचार इंची, म्हणजे ११५ मि.मी.ची भिंत दोन्ही बाजूंना १२ मि.मी. गिलाव्यासह ५.८७ + १.२५ = ७.१ किलोन्यूटन भरते.

हीच बाहेरची भिंत २०० मि.मी. एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकची केली, तर चित्र बरेच बदलते. ब्लॉकची कोरडी घनता ५५० ते ६५० किलो असली तरी ब्लॉक पाणी धरतो आणि सांध्यांचे वजन वेगळे असते, म्हणून गणितात ८ किलोन्यूटन धरणे मला बरे वाटते. त्या हिशेबाने ०.२ × २.५५ × ८ = ४.०८, अधिक गिलावा १.६६, एकूण ५.७४ किलोन्यूटन. येथे एक गोष्ट नजरेत भरते: विटेच्या भिंतीत एकूण भाराच्या १२ टक्के असलेला गिलावा एएसीच्या भिंतीत २९ टक्क्यांवर जातो. हलक्या ब्लॉकचे गणित करताना जो गिलावा सोडून देतो, तो जवळजवळ तिसरा हिस्सा भार सोडून देतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याची भिंत असेल, तर मात्र विटेपेक्षाही जड आकडा, घनमीटरला २० ते २४ किलोन्यूटन, घ्यावा लागतो.

हा भार बीमच्या एकूण हिशेबात किती मोठा आहे, हे कडेच्या बीमवर पाहावे. ३ × ४ मीटर खोलीचा १२५ मि.मी. स्लॅब घेतला, तर स्वतःचे वजन ३.१२५, फरशी व तळगिलावा मिळून १.५ आणि चल भार (माणसे, सामान) २, असे चौरस मीटरला ६.६२५ किलोन्यूटन होतात. ४ मीटरच्या बीमवर स्लॅबचा भार समलंब आकारात येतो; मोमेंटसाठी, म्हणजे बीमला वाकवणाऱ्या परिणामासाठी, त्याचा समतुल्य समान भार ८.०७ किलोन्यूटन प्रति मीटर होतो. बीमचे स्लॅबखालील वजन ०.२३ × ०.३२५ × २५ = १.८७. भिंतीचे १३.४ मिळवले की बेरीज २३.३ होते, म्हणजे निम्म्याहून अधिक भार एकट्या भिंतीचा. साध्या आधाराचा बीम धरून, आयएस ४५६ : २००० मधील १.५ या सुरक्षा गुणकासह, मोमेंट ७० किलोन्यूटन-मीटर भरतो. स्लॅबचा चल भार २ की ३ यावर आपण घासाघीस करतो आणि भिंतीचा आकडा डोळे झाकून टाकतो, हे काही बरे नव्हे.

दारे-खिडक्या वजा कराव्यात का, हा नेहमीचा प्रश्न. ४ मीटर लांब भिंतीत १.५ × १.२ मीटरची एक खिडकी असेल, तर १०.२ पैकी १.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १८ टक्के क्षेत्र मोकळे राहते. एवढी वजावट मी करत नाही. खिडक्यांच्या जागा बांधकामात सरकतात, बुजवल्याही जातात. उघडा भाग पाव भिंतीहून मोठा असेल आणि तो कायम राहणार असेल, तरच वजावट करावी. लिंटेलसाठी (दारा-खिडकीवरच्या छोट्या बीमसाठी) ६० अंशांच्या त्रिकोणातील भिंतीचाच भार धरण्याची रीत आहे, पण फ्रेमच्या इमारतीत त्रिकोणाला जागाच उरत नाही. दाराची उंची २.१ मीटर, लिंटेल १५० मि.मी., म्हणजे वर शिल्लक भिंत फक्त ३०० मि.मी.; १.३५ मीटर गाळ्याच्या त्रिकोणाला १.१७ मीटर उंची लागते. अशा वेळी वरची सगळी ३०० मि.मी. भिंत, २३० मि.मी. जाडीला गिलावा सोडून मीटरला १.३८ किलोन्यूटन, सरळ लिंटेलवर धरावी.

खाली बीम नसलेल्या भिंतींसाठी आयएस ८७५ (भाग २) एक सवलत देते: जागा निश्चित नसलेल्या पार्टिशनच्या मीटरमागील वजनाचा एकतृतीयांश भाग, पण किमान १ किलोन्यूटन, चौरस मीटरला समान भार म्हणून स्लॅबवर धरावा. अट अशी की पार्टिशनचे वजन भिंतीच्या चौरस मीटरला १.५ आणि लांबीच्या मीटरला ४ किलोन्यूटनच्या आत असावे. १०० मि.मी. एएसीची भिंत ३.२९ किलोन्यूटन भरते, ती या अटीत बसते आणि स्लॅबवर १.१ किलोन्यूटन येतात. ७.१ किलोन्यूटनची साडेचार इंची विटेची भिंत यात बसत नाही. तिच्यासाठी खाली बीम द्यावा किंवा स्लॅब त्या रेषेवरील भारासाठी स्वतंत्र तपासावा. स्लॅबच्याच जाडीत चार सळया जास्त टाकून त्याला ‘कन्सील्ड बीम’ म्हटल्याने स्लॅबचा ताठरपणा फारसा वाढत नाही.

जिन्याच्या बाजूचा बीम तपासताना भिंत मधल्या लँडिंगच्या बीमने दोन तुकड्यांत विभागली जाते, हे विसरल्यास एकच भिंत दोनदा मोजली जाते. बाल्कनीकडे अधिक काळजीने पाहावे. १ मीटर उंच, ११५ मि.मी.चा कठडा मीटरला २.९५ किलोन्यूटन देतो. ३ मीटरच्या कडेच्या बीममार्फत, १.५ मीटर बाहेर आलेल्या कँटिलिव्हर (एकाच टोकाला आधार असलेल्या) बीमच्या टोकावर त्याचे निम्मे, म्हणजे ४.४ किलोन्यूटन येतात आणि आधाराशी मोमेंट ६.६ होतो. पुढे घरमालकाने बाल्कनी खोलीत घेतली आणि तीच भिंत छतापर्यंत नेली, की टोकावर ११.३ आणि आधाराशी १६.९. शहरांत हे इतके सर्रास होते, की मी कठड्याच्या जागी पूर्ण उंचीची भिंत धरूनच कँटिलिव्हर तपासतो.

संगणकावरील मॉडेलमध्ये भिंतींचा भार स्वतंत्र लोड केस (भारांचा वेगळा गट) म्हणून द्यावा, इतर अचल भारांत मिसळू नये. भूकंपाच्या वजनासाठी आयएस १८९३ नुसार मजल्याच्या भिंतींचे वजन वरच्या व खालच्या मजल्यांत विभागले जाते, आणि केस वेगळी असली तर बदल एका ठिकाणी करता येतो. याची गरज केव्हा पडेल सांगता येत नाही. एका कामावर मी एएसी धरून डिझाइन दिले. पाया भरून झाल्यावर मालकांनी ओळखीच्या भट्टीवरून विटा ठरवल्या, आणि मला हे कळले ते साइटवर ट्रक रिकामा होताना पाहून. फरक मीटरला ७.६६ किलोन्यूटन, कडेच्या एका मधल्या कॉलमवर मजल्यामागे ३० किलोन्यूटन, चार मजल्यांचे १२० हून अधिक. फूटिंगला तेवढी जागा निघाली, पण तीन बीमांच्या सळया बदलाव्या लागल्या. नकाशावर भिंतीचा प्रकार कोठेही लिहिलेला नव्हता, म्हणजे चूक माझीच होती. तेव्हापासून प्रत्येक बीमच्या नकाशावर ही टीप असते: ‘बाहेरील भिंती २०० मि.मी. एएसी, आतील १०० मि.मी. एएसी, उंची २.५५ मी., गिलाव्यासह भार अनुक्रमे ५.७४ व ३.२९ किलोन्यूटन प्रति मीटर धरला आहे. प्रकार बदलल्यास बांधकामापूर्वी कळवावे.’