यूएसबी साउंड कार्ड लिनक्सला जोडून ध्वनिमुद्रणाला बसण्यापूर्वीची तयारी

गेल्या मार्गशीर्षात आमच्या थोरल्या आत्या राधानगरीकडील सासरहून चार दिवस कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी राहायला आल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना जितक्या पाठ आहेत तितक्या आता आमच्या घरात कोणालाच येत नाहीत, म्हणून मी राजारामपुरीतून एक बाह्य यूएसबी साउंड कार्ड आणि गाण्याचा मायक्रोफोन आणला, लिनक्सच्या संगणकाला जोडला आणि पावणेदोन तास ओव्या मुद्रित केल्या. रात्री ऐकायला बसलो तेव्हा कळले की संगणकाने तो मायक्रोफोन ऐकलाच नव्हता. मॉनिटरवर बसवलेल्या वेबकॅमच्या बारीक माइकमधून त्याने सगळा आवाज घेतला होता. ओव्या विहिरीतून आल्यासारख्या लांबून ऐकू येत होत्या आणि त्यांच्यावर पंख्याची घरघर पसरली होती. मुद्रण चालू असताना पडद्यावरची लहर व्यवस्थित हलत होती, त्यामुळे मला शंकाही आली नाही. आता पंचमीला त्या पुन्हा माहेरी येणार आहेत, आणि या वेळी तेच घडू नये म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

कार्ड घेताना ते यूएसबी ऑडिओ क्लास (यूएसबीवरच्या ध्वनी-उपकरणांसाठीचे सामाईक मानक) पाळणारे आहे की नाही, एवढे विचारावे. तसे असेल तर वेगळा ड्रायव्हर लागत नाही; लिनक्सच्या कर्नलमधील, म्हणजे त्याच्या गाभ्यातील, ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ हे मॉड्यूल ते आपोआप ओळखते. डब्यातली सीडी बाजूला ठेवावी. केबल डेटा वाहून नेणारी असावी, कारण फक्त चार्जिंगसाठी असलेल्या केबलने कार्डाचा दिवा लागतो आणि संगणकाला मात्र काहीच दिसत नाही. जोडणी संगणकाच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टवर करावी. यूएसबी २.० च्या पोर्टवरून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर तीच वीज माउस, कीबोर्ड आणि कार्ड यांच्यात वाटली जाते, आणि कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा पुरवठा करायची वेळ आली की कार्ड मध्येच बंद पडू शकते. डायनॅमिक मायक्रोफोनला ४८ व्होल्टची गरज नसते.

जोडल्यावर टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा चालवून कार्डाचे नाव दिसते का ते पाहावे आणि नंतर ‘एप्ले’ व ‘एरेकॉर्ड’ या दोन्ही आज्ञा लहान ‘एल’ हा पर्याय देऊन (aplay -l, arecord -l) चालवाव्यात. दोन्ही चालवाव्यात असे मुद्दाम म्हणतो, कारण पहिलीत फक्त आवाज बाहेर काढणारी उपकरणे दिसतात आणि आपल्याला आवाज आत घ्यायचा आहे. माझी चूक इथेच सुरू झाली होती. ‘एरेकॉर्ड’च्या यादीत दोन यूएसबी उपकरणे होती आणि मी त्यांपैकी पहिले आपलेच असणार असे गृहीत धरले. वेबकॅमचा माइक हादेखील लिनक्सच्या दृष्टीने एक यूएसबी साउंड कार्डच असतो. त्यालाही तेच मॉड्यूल चालवते आणि पुष्कळदा त्याचेही नाव नुसते ‘यूएसबी ऑडिओ’ असेच दिसते. शिवाय कार्ड १, कार्ड २ हे क्रमांक कायमचे नसतात. संगणक सुरू होताना जे उपकरण आधी सापडेल त्याला आधीचा क्रमांक मिळतो, म्हणून काल १ असलेले कार्ड आज २ होऊ शकते. क्रमांकावर कधीही विसंबू नये.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मुद्रण करणारा प्रोग्रॅम सुरू करून लाल बटण दाबावे, मायक्रोफोनच्या जाळीवर नख घासावे आणि पडद्यावरची लहर उसळते का ते पाहावे. मग तेच नख वेबकॅमवर घासावे. या वेळी लहर उसळली, तर चुकीचा माइक ऐकतो आहे. टाळी वाजवून किंवा ‘हॅलो’ म्हणून ही परीक्षा होत नाही, कारण तो आवाज खोलीतल्या प्रत्येक माइकला ऐकू जातो. मी ‘हॅलो’च म्हणालो होतो. नख घासावे.

परीक्षेत चूक दिसली, तर कोणता प्रोग्रॅम कोणता माइक ऐकतो हे दाखवणारे ‘पाव्हूकंट्रोल’ (pavucontrol) उघडावे. त्यातील ‘रेकॉर्डिंग’ या पानावर मुद्रण चालू असतानाच प्रोग्रॅमचे नाव दिसते. मुद्रण थांबलेले असेल तर पान रिकामे असते, आणि इथे काहीच नाही असे समजून माणूस पुढे निघून जातो. नावासमोर आपले कार्ड निवडावे. सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट’ इनपुट बदलले म्हणजे काम झाले असे समजू नये: लिनक्समध्ये आवाजाची ये-जा सांभाळणारी यंत्रणा पल्सऑडिओ असो वा पाइपवायर, प्रत्येक प्रोग्रॅमने मागच्या वेळी कोणता माइक वापरला होता हे लक्षात ठेवले जाते आणि डीफॉल्ट बदलल्यावरही तो जुन्याच माइककडे वळू शकतो. मुद्रणासाठी ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर कार्ड आधी जोडावे आणि प्रोग्रॅम नंतर सुरू करावा, किंवा ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस’ करावे, कारण नंतर जोडलेले उपकरण त्याच्या यादीत आपोआप येत नाही. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ‘कॉन्फिगरेशन’ पानावर वेबकॅमचा प्रोफाइल ‘ऑफ’ करणे, आणि त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वेबकॅम काढून कपाटात ठेवणे. त्यानंतरही नख घासावे.

त्याच पानावर आपल्या कार्डाचा प्रोफाइल ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ (आवाज आत घेणे आणि बाहेर काढणे, दोन्ही) आहे का ते पाहावे. नुसता ‘आउटपुट’ असेल तर माइक यादीतच येणार नाही. आवाज अगदीच येत नसेल तर टर्मिनलमधल्या ‘अल्सामिक्सर’मध्ये (alsamixer) एफ६ दाबून कार्ड निवडावे, एफ४ दाबून आत येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्या पाहाव्यात आणि पट्टीखाली ‘कॅप्चर’ हा शब्द दिसत नसल्यास स्पेस दाबून ती उघडावी. स्वतःला ‘ऑडिओ’ गटात घाला, हा जुना सल्ला अजून जागोजागी दिला जातो. आजच्या डेस्कटॉपवर समोर बसलेल्या वापरकर्त्याला ती परवानगी आपोआप मिळते, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये. पल्सऑडिओ काढून पाइपवायर बसवणे किंवा त्याच्या उलट करणे हेही पाहुणे घरात असताना करू नये. लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोराने ३४ व्या आणि उबुंटूने २२.१० या आवृत्तीपासून पाइपवायर स्वीकारले आहे. आपल्याकडे जे आहे ते राहू द्यावे.

आवाजाची पातळी बोलण्यावर न ठरवता गाण्यावर ठरवावी. आत्या बोलताना हळू असतात आणि ओवीच्या तिसऱ्या चरणाला आवाज चढतो, म्हणून एक ओवी पूर्ण म्हणवून घ्यावी आणि सर्वांत चढ्या जागी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (कार्डावरचे आवाज वाढवण्याचे बटण) ठेवावा. ४८,००० हर्ट्‌झ आणि २४ बिट (आवाज किती बारकाईने नोंदवायचा त्याचे आकडे) पुरेसे आहेत. यापेक्षा मोठे आकडे निवडून ओव्यांना काहीही मिळत नाही. एकच माइक पहिल्या इनपुटला लावला असेल तर आवाज फक्त डाव्या बाजूला येईल. तो बिघाड नव्हे, नंतर मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा, करता येतो.

श्रावणात कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर वाजतो, तेव्हा आतली खोली घ्यावी आणि पंखा बंद करावा. फोन दूर ठेवावा. हेडफोन लावून ऐकताना कानात आवाज उशिरा येत असेल तर कार्डावरचे ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू करावे; मग माइकचा आवाज संगणकातून न फिरता थेट कानात येतो. दर पंधरा मिनिटांनी थांबून सेव्ह करावे, कारण वीज जाते. पेन ड्राइव्हवर प्रत काढावी.

चहासाठी उठून पुन्हा बसल्यावर, कार्डाची केबल हलली असेल किंवा संगणक परत सुरू करावा लागला असेल, तर वरचे सगळे बरोबर होते हे विसरावे, लाल बटण दाबून पुन्हा जाळीवर नख घासावे आणि लहर उसळल्यावरच आत्यांना पुढची ओवी म्हणायला सांगावे.