खडपातला ‘सापासारखा’ मासा आणि तुमचा प्रोजेक्ट

एम.एस्सी.ला खडपातल्या, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावरच्या, माशांवर प्रोजेक्ट घेऊ का, असं ज्युनिअर विचारत असतात. घ्या. ट्रान्सेक्ट (दोरी लावून तिच्या रेषेत मोजणी), क्वाड्राट (चौकट ठेवून आतली मोजणी) तुम्हाला येतं असं धरते. मी डोकं खाणार आहे ते एकाच गोष्टीवरून, कारण त्यात माझं सेमिस्टर बुडालं: लांबट मासा दिसला की पुस्तकातलं नाव चिकटवणं.

लायब्ररीत हाताला लागतात ती किनाऱ्याची पुस्तकं बरीचशी ब्रिटन-अमेरिकेची. त्यांत रॉक गनेल हमखास असतो. शास्त्रीय नाव फोलिस गनेलस, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली दिलेलं. वीतभर, बुळबुळीत, पाठीच्या कडेने पांढऱ्या किनारीचे काळे ठिपके. ओहोटीला दगडाखाली, शेवाळात दडतो आणि पाण्याबाहेरही तग धरतो. एवढं वाचून रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या खडपात गेलात की वळवळणारं सगळं गनेलच दिसायला लागतं. पण तो उत्तर अटलांटिकचा, गार पाण्यातला. त्याचे भाऊबंद प्रिकलबॅक मुख्यतः उत्तर पॅसिफिकचे. आपलं पाणी थंडीतही कोमट. रत्नागिरीत गनेल ‘सापडला’ तर ओळख चुकलीय, दुसरं काही नाही.

आकार सोडा, पर बघा. गनेलचा पाठीचा पर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत, आणि त्यात निव्वळ काटे, ७० पेक्षा जास्त. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर टोचतात. पोटाखाली भिंगातून शोधावे लागतील एवढेसे दोन पर. आपल्या वामला, म्हणजे खऱ्या ईलला, पोटाचे पर नसतातच आणि पाठीचा पर मऊ. मोरे ईलला तर छातीचेही नाहीत. अंगाचा घाट सगळ्यांचा सारखा, कारण फटीत शिरायला तसंच अंग लागतं. नातं मात्र लांबचं. गनेल खरा ईल नव्हेच. हे तीनदा वाचा. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हेच विचारतात.

बिळातून तोंड उघडमीट करत बघणारा बहुतेक मोरे असतो. हात घालू नका. फाडतो.

फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपवर माझा काडीचा विश्वास नाही. पर मिटलेला फोटो दिलात तर ते तरी काय करणार? काचेच्या चपट्या टाकीत मासा ठेवून, डावी बाजू समोर घेऊन, जिवंत रंगातच फोटो काढा. फॉर्मॅलिनमध्ये रंग जातात. डीएनए करायचं असेल तर उजव्या बाजूचा तुकडा आधी अल्कोहोलमध्ये. फॉर्मॅलिननंतर रडून उपयोग नाही.

गाइड केबिनमधून उठत नसतील तर कालवं काढायला येणाऱ्या काकूंच्या मागे राहा. कुठल्या फटीत काय बसतं हे त्यांना तोंडपाठ असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठी सुकती (ओहोटी) पहाटे आणि संध्याकाळी येते. पहाटेची धरा, संध्याकाळी परतताना अंधारात पाय घसरतो. उलटलेला दगड होता तसाच ठेवा, नाहीतर काकूच ओरडतील, आणि बरोबरच.

जातीपर्यंत नाव लागलं नाही तरी घाबरू नका. ‘कुळापर्यंत ओळख’ असं सरळ लिहा, मार्क जात नाहीत. फक्त मालवणला जाणार असाल तर तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नमुने गोळा करायची वनखात्याची परवानगी सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच मागा. कागद फिरायला वेळ लागतो.