नौतप्याआधी घराची तयारी

होळी पेटली की ग्वाल्हेरची थंडी उतरते, आणि त्याच आठवड्यात आम्ही लश्करच्या घराच्या तयारीला लागतो. नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, 25 मेच्या सुमारास लागतो, पण तोवर थांबलं तर गच्चीवर पाय ठेववत नाही आणि मिस्त्रीही हाती लागत नाही. पाडव्यापर्यंत छत उरकलेलं असावं.

सुरुवात छतापासूनच करा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर रात्री दहाला स्टुलावर चढून छताला आतून तळहात लावून बघा. मे महिन्यात ते उतरवून ठेवलेल्या तव्यासारखं लागतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडत राहतो. एसीचा अर्धा जीव त्या स्लॅबशी झुंजण्यातच जातो.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. गच्ची खराट्याने झाडून, धुऊन, भेगा सिमेंटने बुजवून वाळू द्या. कळीचा चुना लोखंडी पिंपात आदल्या दिवशी भिजवा. आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा, कारण तो उकळतो. मुलांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. दुसऱ्या दिवशी गाळून त्यात थोडा फेविकॉल घाला आणि संध्याकाळी दोन पातळ हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. भर उन्हात लावला तर पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो, म्हणजे दरवर्षीचं काम. आंधी येऊन गेली की छत धुवायचं, धुळीने मळलेला पांढरा रंग ऊन परतवत नाही.

पैसे असतील तर पक्कं काम करा: आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर उष्णता अडवणाऱ्या एक्सपीएस या कडक फोमच्या दोन इंची पाट्या, वर जाळी घालून कोबा आणि पांढऱ्या टाइल्स. हा क्रम सोडू नका. आमच्या नात्यातल्या एका घरी वॉटरप्रूफिंग न करताच पाट्या टाकल्या. पहिल्याच पावसात पाणी खाली अडकलं आणि सगळं उकरावं लागलं. जुन्या वाड्याचं छत दगडी पट्ट्यांचं असेल तर वजनाचं इंजिनियरला विचारल्याशिवाय कोबा टाकू नका. आणि आतून उघडं थर्मोकोल कधीच चिकटवू नका, ते भराभर पेट घेतं.

पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा पुरत नाही, संध्याकाळचं ऊन तिरकं येतं. पडदा आतून लावण्यापेक्षा बांबूची चिक, म्हणजे कामट्यांचा गुंडाळता येणारा पडदा, बाहेरून लावा. काच तापल्यावर पडदा फार काही वाचवत नाही. लू चालते त्या बाजूला वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी शिंपडा. कोरड्या हवेत ती उत्तम काम देते, पावसाळी दमटपणात तिचा उपयोग नाही.

फटींचं मात्र जपून करा. एसीच्या खोलीत उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीभोवती फिरवा. धूर हलेल तिथे फोमची पट्टी, दाराखाली ब्रशची पट्टी. जानेवारीच्या धुक्यात याच पट्ट्या ऊब राखतात. कूलरच्या खोलीत उलट: समोरची खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर खोली चिकचिकीत होते.

एसी 24 वर ठेवा. 2020 पासून नव्या एसींचा मूळ आकडाच तो आहे, आणि एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. सकाळी आठला खिडक्या बंद, रात्री हवा निवली की सताड उघड्या.

मार्च ते जून प्रत्येक महिन्याचं बिल एका फाइलीत लावून ठेवा, आणि चुना लावण्याआधीचं बिल सगळ्यात वर.